ऐकून घेतलं का?

दवाखान्यात तिला सगळे प्रश्नवाली म्हणत. तिच्या पदाचं खरं नाव हातभर लांब होतं. ते तिच्या ओळखपत्रावरच धड मावत नव्हतं, तर लोकांच्या तोंडात कुठून मावणार? तपासून बाहेर आलेल्या पेशंटला गाठायचं, बाकावर बसवायचं आणि छापील प्रश्न विचारून त्याचा अनुभव मोजायचा, हे तिचं काम. मोजायला चार चौकोन होते : कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. माणसाने कण्हत, खोकत, केसपेपरची घडी घालत काहीही सांगितलं, तरी शेवटी त्याला त्या चारांतल्या एका चौकोनात बसावंच लागे.

कामाला ती वाघ होती. दुसऱ्या दवाखान्यांतल्या पाहणीवाल्यांना लोक टाळायचे, हिच्याशी मात्र आपण होऊन बोलायचे. हिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला, की समोरच्याला नाही म्हणायला जागाच मिळत नसे. साहेब मीटिंगमध्ये तिचं उदाहरण द्यायचे आणि ती मान खाली घालून मनातल्या मनात फुगायची.

कागदावरचा एक प्रश्न होता, 'तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी तुमचं म्हणणं लक्षपूर्वक ऐकून घेतलं का?' दिवसभर हे वाक्य म्हणून बघा, म्हणजे कळेल. आधी त्यातलं 'लक्षपूर्वक' गळलं. मग 'तपासणीच्या वेळी' गेलं. पुढे डॉक्टरही गेले आणि म्हणणंही गेलं. उरलं फक्त, "ऐकून घेतलं का?" लोकांनाही ते सोयीचं वाटे. "घेतलं," म्हणत. "नेहमी?" "नेहमीच." की मारली खूण, चला पुढे.

एक दिवस डॉक्टरांच्या दारातून ताई बाहेर आली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच हिच्या वेण्या घातल्या, हिला शिकवलं, हिचं लग्न लावून दिलं. स्वतःचं तेवढं राहून गेलं, ते राहूनच गेलं. ताई एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. स्वभाव असा, की तिच्या पायावर कुणी पाय दिला तर तीच त्याला विचारायची, "लागलं का हो?" काही दिवसांपासून तिला जेवण जात नव्हतं. दोन घासांत पोट भरे, आणि बरगड्यांच्या खाली सारखं काहीतरी टोचत राही.

"या, बसा बाई," प्रश्नवाली थाटात म्हणाली.

"मला अहो-जाहो करतेस?"

"नियम आहे. बहीण असली म्हणून सूट नाही."

ताई हसली. चेहरा लाल झाला होता, पण आत उकडत असेल, असं हिला वाटलं. रांग मोठी होती. हिने भराभर विचारलं, ताईने भराभर सांगितलं.

"ऐकून घेतलं का?"

"घेतलं."

"नेहमी?"

"नेहमीच की ग."

बहिणीला चांगला अनुभव आला म्हणून हिला बरंसुद्धा वाटलं. ताईच्या हातात गोळ्यांची पुडी होती. जेवणाआधी घ्यायच्या त्या पित्ताच्या गोळ्या.

पुढे पाहणीचे निकाल लागले आणि म्हणणं ऐकून घेण्यात हा दवाखाना सगळ्या विभागात पहिला आला. साहेब प्रमाणपत्र घेऊन आले. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ऐकून घेतो? मी?" सगळे हसले. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता. एवढ्या मोठ्या रांगेला तो एकटा होता, टेबलावरचा चहा गार व्हायचा आणि तसाच परत जायचा. बिचारा कधीपासून दुसरा डॉक्टर मागत होता. त्याच भेटीत साहेबांनी त्याला सांगून टाकलं, की पेशंट इतके समाधानी आहेत, आता तुमची ती मागणी वर कोणी वाचणारसुद्धा नाही.

इकडे ताई उतरत चालली. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. दुकानातली खुर्ची टोचते म्हणून तिने खाली उशी घेतली. गोळ्या केव्हाच संपल्या होत्या.

"अग, परत दवाखान्यात का जात नाहीस?" प्रश्नवाली एका सकाळी चिडून म्हणाली. "डॉक्टर तर तुझं सगळं ऐकून घेतात!"

"कोण? ते कुठे ऐकतात?"

"तूच तर सांगितलंस मला. बाकावर. घेतलं म्हणालीस."

"मी घेतलं," ताई म्हणाली. "मी घेतलं ऐकून. काय काय बोलले! 'दिवसभर बसून पोट तुम्ही बिघडवायचं आणि डोकं माझं खायचं. काही झालेलं नाही तुम्हाला, उठा.' दार उघडंच होतं, बाहेर सगळ्या रांगेला ऐकू गेलं, तू तेवढी तुझ्या प्रश्नांच्या नादात होतीस. मग तू विचारलंस, ऐकून घेतलं का. म्हटलं, घेतलं."

"पण तू नेहमी म्हणालीस!"

"मग? मी कधी कुणाला उलट बोलले आहे का?"

दुसऱ्या दिवशी प्रश्नवालीने रांगेतल्या माणसांना खोदून खोदून विचारलं. एक म्हातारबाबा म्हणाले, "घेतो की ऐकून. औषध त्यांच्या हातात आहे, पोरी." एक लेकुरवाळी म्हणाली, "मी तर त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मान खाली घालते." सगळ्यांचंच असं होतं असं नाही, पण बहुतेकांचं होतं. कुणी किती मुकाट्याने बोलणी खाल्ली, ते हिने मोजलं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं होतं. तिला स्वतःची किळस आली.

ती साहेबांकडे गेली, सगळं सांगितलं. साहेबांनी छापील कागद काढून तिच्यासमोर धरला.

"प्रश्न बरोबर छापलाय ना?"

"हो, पण मी विचारताना..."

"मग झालं तर. आकडे वर गेलेत. आता मागे फिरलो तर माझीही नोकरी जाईल आणि तुमचीही. पुढच्या वेळी पूर्ण वाक्य म्हणा."

तिने पाय धरायचेच बाकी ठेवले होते. साहेब उठून फोनवर बोलायला बाहेर गेले, ते आलेच नाहीत.

ताईला तिने ओढतच मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. तपासण्या झाल्या. पोटातली गाठ यकृतापर्यंत गेली होती. डॉक्टरीण आवाज खाली करून म्हणाली, "थोडं आधी आला असता तर काही करता आलं असतं." रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं प्रश्नवालीला वाटलं. ऑपरेशन होणार नव्हतं. दुखणं कमी करणारं औषध देऊन त्यांना घरी पाठवलं.

आता प्रश्नवाली रजा टाकून ताईच्या उशाशी बसते. एका दुपारी ती ताईचा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, मला सगळं सांग. पहिल्यापासून. कधी दुखायला लागलं, कसं दुखायचं, सगळं. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही."

ताई तिच्याकडे कुशीवर वळली.

"त्या दिवशी सगळं मनात नीट लावून गेले होते ग," ती म्हणाली. "आधी हे सांगायचं, मग ते. रस्ताभर घोकत गेले. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी तोडलं." तिला धाप लागली. "आता नाही आठवत. आणि बोलवतही नाही. तू विचार, मी हो-नाही म्हणते. तेवढं जमेल."

प्रश्नवाली तिच्या तोंडाजवळ वाकली.

"दुखतंय?"

"हो."

"खूप?"

"हो."

पुढे काय विचारावं ते तिला सुचेना. ताई डोळे मिटून पुढच्या प्रश्नाची वाट बघत पडून राहिली.