तुमनी लाईट

माझे वडील दीपनगरच्या वीजकेंद्रात ऑपरेटर होते. तेवढ्यावरून आमच्या सगळ्या गणगोताचा समज झाला होता की खानदेशची वीज यांच्या खिशात असते. गावाकडे लाईट गेली की कोणीतरी हमखास फोन करायचं, "भाऊ, तुमनी लाईट कव्हय यी?" तुमची लाईट कधी येणार. वडील न चिडता सांगायचे, "मनी नई, बठ्ठासनी शे." माझी नाही, सगळ्यांची आहे. एवढं बोलूनही फोन ठेवताना ते ओशाळलेलेच दिसायचे.

मामांचं अगदी उलटं. अमळनेरला त्यांची तेलाची मिल. सरकार हा शब्द ते दाताखाली खडा आल्यासारखा उच्चारत. वडील त्यांना शेठ म्हणत, ते वडिलांना दाजी. हिवाळ्यात भरीत-पुरीला दोघं एकत्र आले की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून व्हायच्या आत जुंपायची.

"देश नवा होता, शेठ," वडील म्हणत. "आम्ही कंदिलावर वाढलो. जिथे नफा नाही त्या खेड्यात तुमच्यापैकी कोणी एक खांब तरी रोवला असता का?"

"खांब रोवले हो दाजी, तारेत वीज कुठे होती? आणि मला एक मशीन वाढवायचं तर परवान्यासाठी मुंबईच्या चकरा."

आई पुऱ्या तळता तळता म्हणायची, आधी जेवून घ्या, मग देश चालवा.

पुढे मी जळगावात ज्युनिअर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवू लागले. समाजवाद, भांडवलशाही, स्वातंत्र्यानंतर आपण धरलेली मधली वाट, या धड्याची मला कधी तयारी करावी लागली नाही. एकदा दाजी व्हायचं, एकदा शेठ. मुलांना वाटायचं, मॅडमचा विषय पक्का आहे. मला मात्र ते दोन हट्टी माणसांचं लाडकं भांडण वाटायचं, त्यापलीकडे काही नाही.

आई गेल्यावर वडील माझ्याकडे राहायला आले. वयानं त्यांची फुप्फुसं थकली होती. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारं एक मशीन पलंगाशेजारी दिवसभर घरघरत असे आणि ते अर्थातच विजेवर चालायचं. गेल्या मे महिन्यात एका दुपारी वादळ झालं. आमच्या कॉलनीतले निंब आडवे झाले, तारा तुटल्या आणि मशीन थांबलं. मी अडीअडचणीला ठेवलेला छोटा सिलिंडर लावला. दुसरा मागवला तर दुकानदार म्हणाला, ताई, रस्त्यावर झाडं पडलीत, गाडी कशी काढू? घरातला इन्व्हर्टर जुना, पंख्यालाच दमणारा. सिलिंडरवरचा काटा खाली येत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात वादळाची चौकशी करायला मामांचा फोन आला. मी रडतच सांगितलं. त्यांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही. मिलच्या ऑफिसातला मोठा इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या पिकअपमध्ये टाकून ते निघाले. वाटेत झाडं आडवी होती तिथे गाडी शेतातून घातली. काटा लाल पट्टीत शिरला होता तेव्हा ते दारात उभे राहिले, पांढरा सदरा धुळीनं माखलेला. सोबत आलेल्या ड्रायव्हरनं जोडणी केली आणि मशीन घरघरू लागलं. मी भिंतीला टेकून खालीच बसले.

वडिलांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. नळी सावरत त्यांनी मामांना विचारलं, "शेठ, ही कोनी लाईट शे?" ही कोणाची लाईट.

आता मामा जन्माचा हिशेब चुकता करणार, असं मला वाटलं. पण मामा खुर्ची ओढून जवळ बसले. "बॅटरी मनी शे, दाजी," ते म्हणाले. "पन ती भरेल शे तुमनी लाईटवर." बॅटरी माझी, पण भरलेली तुमच्या लाईटवर. वडील डोळे मिटून हसले. वर्षानुवर्षं मी फळ्यावर दोन रकाने आखत आले होते. ती रेघ या दोघांनी पुसून टाकली आणि मी नुसती बघत राहिले.

दिवेलागणीला कॉलनीत एकदम गलका झाला. लाईट आली होती. बंद करायचा राहिलेला कूलर धडधडत सुरू झाला, फ्रीज गुरगुरला. मशीनची पिन भिंतीतल्या प्लगला लावायला मी घाईनं उठले, तर वडिलांनी माझं मनगट धरलं.

"थांब," ते म्हणाले. त्यांना दम लागत होता, शब्द तुटत होते. "आत्ताच आलीय. बठ्ठा गाव एकदम बटणं दाबी. लोड झेपला नाही तर परत जाईल. दवाखाने असतील लाईनवर. माझं चालू आहे अजून बॅटरीवर."

स्वतःचा श्वास दुसऱ्याच्या बॅटरीवर टांगलेला आणि हा माणूस गावाच्या दवाखान्यांची काळजी करत होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मी मामांकडे पाहिलं. आता तरी हे दाजींना वेड्यात काढून मला मशीन जोडू देतील अशी मला आशा होती. मामा उठले, कूलर बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजचं बटण दाबलं, पंखाही थांबवला. मग मे महिन्यातल्या त्या जळगावी उकाड्यात, घामानं निथळत, ते वडिलांच्या उशाशी वर्तमानपत्रानं वारा घालत बसले.