शेवाळी की जांभळा

आधी ती हात दाबून बघायची. दोन्ही तळव्यांत आपला हात धरून, डोळे मिटून, मनगटाचं हाड चाचपायची आणि मगच म्हणायची, "हं, कळलं कामून!"

कामून म्हणजे, तुम्हाला अमुकच रंग का आवडतो ते. आमच्या पुंडलिकनगरात दारोदार बांगड्या भरणारी ती कासारीण. तिचं शास्त्र तिचं स्वतःचं. शेजारच्या वहिनींना निळा आवडायचा. "डोक्याची भट्टी लई गरम. इंजनाला पाणी लागतं, तसं तुमच्या डोक्याला निळं लागतं." मला राखाडी आवडतो. "व्हयच. खडूची धूळ रगतात उतरलीय, बाई."

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. हसू दाबताना पुरेवाट व्हायची. तुम्हीही हसला असता.

माझ्या सासूबाई मात्र हसायच्या नाहीत, भांडायच्या. "काहीही फेकतेस!" म्हणायच्या आणि तिलाच तासभर बसवून घ्यायच्या.

मग सासूबाईंना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तीन महिने घरात त्यांचा शब्द नव्हता. सासरे रोज सकाळी त्यांच्याजवळ बसून पेपर मोठ्यानं वाचायचे आणि उत्तराची वाट बघायचे.

अशात एका दुपारी कासारीण आली. मी दारातच म्हटलं, "मावशी, आता बांगड्या नकोत." तिनं कारण ऐकलं, चपला काढल्या आणि सरळ खाटेजवळ जाऊन बसली. सासूबाईंचा लुळा उजवा हात तिनं तळव्यांत घेतला. डोळे मिटले.

"कळलं. आक्कांचा रंग शेवाळी."

मी दचकले. शेवाळी सासूबाईंच्या डोळ्यांना खपायचा नाही.

"भित्र्या माणसाचं पित्त वाहत नाय, बाई. डबक्यावानी साचतं. त्याला शेवाळं येतं. म्हून शेवाळी."

सासूबाईंचे डोळे मोठे झाले. ओठ थरथरले. गळ्यातून घरघर आली आणि मग, वाकडा का होईना, शब्द आला.

"जां... जांभळा!"

माझ्या हातातला पेला खाली पडला. सासरे आतून धावत आले, दाराची चौकट धरून उभे राहिले.

कासारीण जागची हलली नाही. "जांभळा? मंग हाड खोटं बोलतंय का?"

"तू," सासूबाई म्हणाल्या, "खोटी!"

सासरे रडायला लागले.

रागाच्या भरात कधीकधी असे शब्द सुटतात, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्या दुपारी कासारणीला निरोप देताना मी विचारलं, "मावशी, मुद्दाम केलंत ना?"

तिला वाईट वाटलं. "मुद्दाम? हात शेवाळीच सांगत व्हता, बाई."

आजही मला त्याचा उलगडा झालेला नाही.

त्यानंतर ती दर आठ-दहा दिवसांनी यायची, नवा चुकीचा रंग सांगायची. सासूबाई तिला खोडून काढायच्या. आधी एका शब्दानं, पुढं अख्ख्या वाक्यानं.

दिवाळीनंतर ती आलीच नाही. दौलताबादला तिच्या घरी गेले, तेव्हा कळलं, महिना झाला तिला जाऊन.

सासूबाईंना सांगितलं. त्या स्पष्ट, न अडखळता म्हणाल्या,

"तिला कोणता रंग आवडायचा गं?"

आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं.