एकदाच विचारायचं

माझी आत्या सरकारी दवाखान्यात दुभाषी होती. डोंगरातली आमची माणसं आणि खालचे डॉक्टर यांच्या मधोमध एक लाकडी खुर्ची, त्या खुर्चीत आत्या. आमच्यातून खुर्ची मिळवणारी ती पहिलीच, आणि ती खुर्ची जराशी तिच्या डोक्यातही गेली होती, हे मी तिची लाडकी भाची असूनही सांगते. आमच्या रीतींचं नाव काढलं की आत्या नाक मुरडायची.

त्यातली एक रीत अशी. कुणी काही देऊ केलं, काही विचारलं, की आधी "राहू दे" म्हणायचं. दुसऱ्यांदाही "राहू दे"च. खरं उत्तर तिसऱ्या विचारण्याला. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट ठरतो. पाहुणा उपाशी उठला तर चूक घरच्यांची, त्यांनी नेटाने विचारलं नाही म्हणून.

दवाखान्यात रक्त पातळ करण्याच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. सगळ्या समाजांतली माणसं हवी होती, आमचीही. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आत्याला बजावलं, "एकदाच विचारायचं. नाही म्हटलं तर मागे लागायचं नाही." नियम चांगलाच होता. गरिबांना न विचारता सुया टोचणारे पूर्वी होऊन गेलेत, त्यांच्यामुळे आलेला.

आमची माणसं रांगेने आली. आत्याने विचारलं, सगळ्यांनी "राहू दे" म्हटलं, आणि आता पुन्हा विचारतील म्हणून बाकांवर बसून राहिली. शिपायाने उठवलं तेव्हा गेली. त्यांत माझे बाबाही होते, आत्याचा सख्खा धाकटा भाऊ. घरी याच भावाला ती आग्रह करकरून जेवायला घालायची. तिथे मात्र नकार लिहून घेतला आणि पुढच्याला हाक मारली. बाईंना एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं, पण तिला आमची लाज वाटली. काय खुळे लोक आहेत, असं बाई म्हणतील, एवढंच तिच्या मनात आलं.

औषध बाजारात आलं. गुणकारीच होतं, खोटं कशाला बोलू? काही वर्षांनी बाबांच्या हृदयाचे ठोके बिघडले तेव्हा तेच दिलं, सगळ्यांना देतात तेवढंच. आमच्या लोकांच्या अंगाला तेवढं झेपत नाही, हे कुणाच्या गावीही नव्हतं. बाबांच्या डोक्यात रक्तस्राव झाला. वाचा गेली.

"तुमच्यातलं एकही माणूस चाचणीत नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असतं तर डोस जास्त होतोय हे तेव्हाच कळलं असतं. पण कुणी तयारच झालं नाही ना."

आत्याने तिथेच, उभ्या उभ्या, त्यांना आमची रीत सांगितली. बाईंनी ती लिहून घेतली. पुढे नियम बदलला. आता आमच्या माणसांना घरी जाऊ देतात, सवडीने पुन्हा विचारतात. चांगलं झालं, पण आमच्या घराला त्याचं काय?

आत्या बाबांच्या उशाशी बसून असायची. एका दुपारी, मी समोरच होते, तिने त्यांचा हात हातात घेतला.

"माझ्यावर रागावलास का रे?"

बाबांनी मान हलवली, नाही. थोडं थांबून तिने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मग बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिसऱ्यांदा विचारायची आत्याची छाती झाली नाही. त्याच आठवड्यात बाबा गेले.