ओठांत टाचण्या

त्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं तोंड रिकामं असलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे खादाड होती असं नव्हे हो! ओठांत टाचण्या. एक काढायची, कापडात खोचायची, की पुढची. कुणी काही विचारलं तर "हंहं" म्हणजे हो, आणि "हंऽऽ" म्हणजे गप बसा. नवरा बसकंडक्टर. त्याचं बोलणं घरातसुद्धा शेवटच्या सीटपर्यंत पोचायचं. शेजारणी म्हणायच्या, "दोघांना मिळून एकच तोंड आलं वाट्याला, आणि ते यानेच बळकावलं!"

पण टाचण्या धरलेल्या ओठांनीच बाई दिवसभर गुणगुणायची. मशीनपाशी रांगत वाढलेल्या लेकीने ते उचललं. तिच्या हुंकारात असा गोडवा उतरला, की कंडक्टर तिला हाताला धरून गाण्याच्या शिक्षिकेकडे घेऊन गेला. थोड्याच दिवसांत शिक्षिकेने हात टेकले.

"सूर पक्का आहे हो पोरीचा, पण तोंडच उघडत नाही. येत्या शनिवारपर्यंत उघडलं नाही, तर ही जागा दुसऱ्या मुलीला देईन."

घरी येताच कंडक्टरने लेकीसमोर जबडा फाकला. "हे बघ, असं! आऽऽ! दातांच्या डॉक्टरकडे करतेस ना, तसं!"

पोरगी कावरीबावरी झाली. "पण बाबा, सांडतील ना."

"काय सांडतील?"

"टाचण्या."

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. शिक्षिकेकडे जाईपर्यंत पोरीने जन्मात आईलाच तेवढं गाताना पाहिलं होतं. गाणं ओठ मिटूनच करायचं असतं, अशी तिची खात्रीच होती!

"अगं, रिकाम्या तोंडाने गा की एकदा तिच्यासमोर," तो बायकोला म्हणाला.

"हंऽऽ."

"गप काय बसू? शनिवारी हाकलतील तिला!"

बाईने एकेक टाचणी काढून ठेवली. कानापर्यंत लाल झाली. "हसाल तुम्ही."

"हसलो तर आज जेवायला वाढू नकोस."

पहिला सूर फाटला. दुसरा लागला. आणि मग जे काही घरभर पसरलं, ते ऐकून कंडक्टर खांद्यावरची पिशवी उतरवायला विसरला. रोज ज्या बसमध्ये आपण चढतो, ती एके दिवशी उडायला लागावी, तसं झालं त्याला. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि हे कुठं होतं?

लेक आईच्या तोंडात डोकावून बघत होती. मग तिने हनुवटीखाली ओंजळ धरली, काही सांडलंच तर असू दे म्हणून, आणि हळूच ओठ उघडले. काही सांडलं नाही. आवाज मात्र असा निघाला, की आई जिथे दमून थांबली, तिथून पोर एकटीच वर गेली. आई तशीच, आ वासून बघत राहिली.

शनिवारी शिक्षिकेने गाणं संपेपर्यंत एकदाही टोकलं नाही. संपल्यावर एवढंच म्हणाली, "उद्यापासून रोज पाठवा."

कंडक्टर बाहेर जिन्यावर येऊन बसला. आत लेकीने पुन्हा सूर लावला. वर येणाऱ्या एका बाईने विचारलं, "कोण गातंय हो?"

"माझी मुलगी," तो म्हणाला, इतक्या हळू की त्या बाईला परत विचारावं लागलं.