कापसाच्या ढिगाखाली कोण?

गजूभाऊंनाही भीती वाटते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. दर रविवारी दुपारी आम्हाला घाबरवायचं काम त्यांचं. अकोटच्या बसस्टँडमागे त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. आठवडाभर तिथे शेतातले जळालेले मोटरपंप येतात, काळ्या पडलेल्या तारा निघतात, नव्या गुंडाळल्या जातात. रविवारी मात्र शटर अर्धं खाली यायचं, कामाचा टेबल पुसला जायचा आणि खेळ मांडला जायचा.

खेळ म्हणजे पत्ते नव्हेत. एक जण गोष्ट सांगतो, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. मास्तर म्हणतो, "समोर विहीर हाय. आत पाणी हलून राहिलं, पण वर वारा नाही. काय करता?" मग आपण काय करतो ते आपणच सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. अंकुर नावाचा इंजिनिअरिंगचा मुलगा गजूभाऊंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा, त्याने हे खूळ आणलं. तो नोकरीला हैदराबादला गेला आणि खूळ आमच्या गळ्यात पडलं.

आम्ही खेळणारे तिघं. कुंदन केळीची पिकअप चालवतो, योगेश कापसातली सरकी काढायच्या जिनमध्ये वजनकाट्यावर बसतो, आणि मी दामिनी, मेडिकलच्या दुकानात गोळ्या देते. लोक म्हणायचे, एवढाली माणसं लहान पोट्ट्यांवानी काय खेळून राहिली? म्हणोत बापडे. आमच्याइतकं भ्यायला त्यांना कुठे मिळालं?

गजूभाऊंनी कधी काही लिहिलं नव्हतं. मोठा आवाजही काढायचे नाहीत. हलक्या आवाजात बोलायचे आणि बोलता बोलता आमची तोंडं बघत राहायचे. अंकुरचे अमरावतीचे मित्र फोन करायचे, भाऊ, एखादी मोहीम, म्हणजे खेळायची अख्खी गोष्ट, लिहून पाठवा, आम्ही इकडे खेळू. गजूभाऊ हसायचे. "लिहून काय खेळ होते बे? भाजीची कृती वाचून पोट भरते का?"

मग एक दिवस ते माझ्या काउंटरवर आले आणि तोंडात लावायचं मलम मागितलं. जिभेच्या कडेला जखम होती, बऱ्याच दिवसांपासूनची. त्यांच्या खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्‍याची पुडी असायची हे सगळ्या अकोटला माहीत. मी जीभ बघितली आणि मलम दिलं नाही. चार लोकांदेखत त्यांना झापलं आणि अमरावतीच्या मोठ्या दवाखान्याचा पत्ता दिला. झापत होते ते रागाने नाही, भ्याले होते म्हणून.

तपासणीत निघायचं तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, अर्धी जीभ काढावी लागेल. बोलता येईल, पण ऐकणाऱ्याला सवय करून घ्यावी लागेल. सुरुवातीला लोकांना किती समजेल, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी गजूभाऊ खेळायला आले ते हातात कागदांचा गठ्ठा घेऊन. "दामिनी, मी लिहिलं."

"काय?"

"मोहीम. मी बोलू नाही शकलो तं हे सारं बंद पडन. मले ते नाही पायजे. कोणीबी वाचावं अन खेळवावं, असं लिहाचं हाय. आज तू मास्तर. मी बाजूले बसतो, तोंड उघडत नाही."

मी जन्मात कधी मास्तर झाले नव्हते. पण त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

मोहीम अशी होती. तीन वाटसरू संध्याकाळी आडोशाला एका बंद पडलेल्या जिनमध्ये शिरतात. आतल्या गोदामात छतापर्यंत कापसाचा ढीग आहे. त्या ढिगाखालून कोणीतरी हाक मारतं, मले काढा. कापसाच्या ढिगात माणूस गेला तर कसा गुदमरतो ते आमच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही. योगेश तर रोज तसले ढीग बघत बसतो. सुरुवात ऐकूनच त्याने पाय खुर्चीवर घेतले.

पण लिहिलेलं! पहिली तीन पानं जिनच्या मालकाच्या आज्यापासूनची हकीकत. कुंदनने विचारलं, खिडकी हाय का? मी पानं चाळतेय, चाळतेय, आणि खिडकी सापडली ती आज्याच्या लग्नाच्या वरातीत. दाराचा रंग लिहिला होता, दार आत उघडतं की बाहेर ते नव्हतं. तोवर खेळातली भीती उडाली आणि कुंदन मोबाइल बघायला लागला.

योगेश म्हणाला, "मी कापूस उपसतो. कोण हाय खाली?"

मी पान बघितलं. तिथे लिहिलं होतं, 'ढिगाखाली नेमकं काय आहे ते योग्य वेळी कळेल.'

माझी तार सटकली. "कोणाले कळन? मास्तर मी हाव ना? मलेच माईत नाही तं मी याइले काय सांगू, माहं कपाळ?"

गजूभाऊंनी ठरल्याप्रमाणे तोंड उघडलं नाही. खाली मान घालून बसले. कुंदन आणि योगेश गेल्यावर ते हळूच म्हणाले, "मलेबी माईत नसते वं."

"म्हंजे?"

"मी कधीच आधी ठरवत नाही. तुमची तोंडं पाहतो. ज्याले जे भेव वाटून राहिलं, ते तठी ठेवतो. कुंदन पाण्याले भेते, त्याच्यासाठी पाणी. योगेश लेकराच्या रडण्याले भेते."

"अन मी?"

"तू अंधाराले भेत नाही. कोणी उत्तर नाही दिलं की भेते."

हे खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला. मी म्हटलं, "भाऊ, तुमचे डोळे काही मी अमरावतीच्या पोट्ट्याइले पार्सल करू शकत नाही. खाली कोण हाय ते लिहा. मास्तरपासून लपवू नका. खेळणाऱ्याइपासून लपवा."

ऑपरेशनला महिनाही उरला नव्हता. त्या दिवसांत गजूभाऊ लिहीत गेले आणि मी खोडत गेले. आजा गेला, त्याची वरात गेली. दार उघडल्यावर आधी काय दिसतं ते पहिल्या ओळीत आलं. मास्तरने मनात ठेवायचं ते वेगळ्या चौकटीत, पानाच्या वरच. शिडी कुठे, कंदील कुठे, दोर ओढला तर काय होतं, फासा उलटा पडला तर काय, सगळं कसं लख्ख. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते काउंटरवर पान ठेवायचे आणि मी वाचत असताना माझं तोंड बघत उभे राहायचे. मी कुठे अडखळते ते त्यांना लगेच कळायचं.

फक्त ढिगाखालची जागा कोरी होती. विचारलं की म्हणायचे, लिहितो. पुढच्या वेळी पुन्हा कोरी. बोलताना त्यांचा र हळूहळू जड होत होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. घरी जाऊन आरशात स्वतःची जीभ बाहेर काढून बघायची, आणि मी तर साधी सुपारीही खात नाही.

कुंदन यायचा बंद झाला. फोन केला तर म्हणे केळीचं भाडं आहे. रोज कसलं भाडं? मी त्याला पेट्रोल पंपावर गाठलं, तेव्हा खरं बोलला. "दामिनीताई, मीबी तोच खर्रा खातो. त्याइच्याकडं पाहिलं का माह्या जिभेले टोचते. मले नाही होत." मी त्याला शिव्या घालायला गेले होते, पण त्याचा चेहरा बघून तशीच परत आले.

असं करता करता शेवटचा रविवार आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने अमरावतीला जायचं होतं. गजूभाऊंनी माझ्या हातात शेवटचं पान दिलं. चौकटीत लिहिलं होतं:

'मास्तरसाठी. ढिगाखाली एक जिवंत माणूस आहे. तो सारखा ओरडतो आहे. बाहेर काहीही ऐकू येत नाही. त्याचा आवाज काढू नका. एका जागी कापूस थोडा हलतो, तेवढंच सांगा. खेळणारे निघून गेले तर जाऊ द्या. थांबवू नका.'

मी चौकट दोनदा वाचली. मी म्हटलं, "भाऊ, आधी तं हाक येत होती. हे भुताचं नाही राहिलं."

"भुताचं भेव मले कधी होतं?"

"मंग काय भेव हाय?"

त्यांनी तांब्याच्या तारेचं टोक बोटाला गुंडाळलं. "मरणाचं नाही. म्हंजे हाय, पण ते साऱ्याइलेच असते. घरी आल्यावर मी तुह्या वहिनीले काही म्हणीन. ते म्हणन, काय म्हणता? मी पुन्हा म्हणीन. ते पुन्हा म्हणन, काय म्हणता? तिसऱ्या खेपेले ते हो हो म्हणन. काहीच न समजता. माह्यासाठी." त्यांनी तार सोडून दिली. "ते हो हो मले नाही ऐकवणार, दामिनी."

मी पानं नीट लावत बसले.

योगेश आला. कुंदनची खुर्ची रिकामीच राहणार होती. एवढ्यात साधनावहिनी शटरखालून वाकून आत आल्या. एरवी दर रविवारी त्या चहा द्यायला यायच्या, आमच्या फाशांकडे बघून, "झाला का पोरखेळ?" म्हणायच्या आणि जायच्या. आज हातात चहा नव्हता. कुंदनच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बॅग भरून झाली. घरी एकटीले बसवत नाही. मलेबी घ्या."

गजूभाऊ उठले. आपलं स्टूल घेऊन भिंतीशी, जळक्या मोटरींच्या बाजूला जाऊन बसले.

मी सुरू केलं. दार, शिडी, कंदील, सगळं पानावर होतं तिथे सापडलं. कुठे थांबावं लागलं नाही. योगेशने कंदील पेटवला, तेव्हा त्याने खरोखरच मागे वळून शटरकडे बघितलं. मोहीम चालत होती. गजूभाऊंशिवाय चालत होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण पुढे काय आहे ते टेबलावर फक्त मला माहीत होतं.

गोदाम आलं. योगेशने ओरडून विचारलं, कोणी हाय का? मी म्हटलं, "काहीच ऐकू येत नाही. ढिगाच्या खालच्या अंगाले एका जागी कापूस जरासा हलते. मंग थांबते."

योगेशने फासा टाकला. उलटा पडला. "या खेपेले हाकबी नाही. उंदीर असन," तो म्हणाला. "चला वहिनी, इथं काही नाही. पुढं पाहू."

थांबवू नका, असं पानावर होतं. मी थांबवलं नाही. भिंतीकडे बघायची हिंमत झाली नाही, तरी बघितलं. गजूभाऊंनी पंजा तोंडावर दाबून धरला होता.

"मी नाही येत," वहिनी म्हणाल्या.

"काहून?" योगेशने विचारलं.

"मी हात घालते. जठी हललं तठी. खांद्यापर्यंत."

मी पान बघितलं. फावड्याने उपसलं तर काय, दोर टाकला तर काय, कापूस पेटवला तर काय, सगळं होतं. हात घातला तर काय, ते कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, आतून काहीच ऐकू येत नाही."

"मले कुठं काही ऐकाचं हाय? हात आत राहू दे."

"किती वेळ?"

"समजेपर्यंत," त्या म्हणाल्या. त्यांनी खरोखरच उजवा हात टेबलावर पुढे टाकला होता, तळवा वर करून. फाशाला त्यांनी हातही लावला नाही. मी फासा उचलला आणि परत ठेवला, कारण यावर फासा टाकणं मला जमणार नव्हतं.

मग भिंतीकडून आवाज आला. मास्तरचा नेहमीचा हलका आवाज नव्हता तो. आम्ही इतकी वर्षं ज्या आवाजात त्यांना विचारत आलो, तसा भ्यालेला, घाईचा.

"मंग? काय लागलं तिच्या हाताले?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते स्टुलावरून अर्धे उठले होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. अख्ख्या जिभेने बोललेलं त्यांचं जे शेवटचं वाक्य मी ऐकलं, ते हेच.

मी पान उलटं ठेवलं आणि सांगायला लागले.