काहूनची आपत्ती

आमच्या काहूनला फुकटचा चहा पाजणं फार अवघड काम होतं. ग्लास पुढे केला की तो आधी ग्लासाकडे बघायचा, मग पाजणाऱ्याकडे, आणि मग विचारायचा, "काहून?" का पाजतोस, आजच का, मलाच का, हे सगळं त्या एका शब्दात आलं. तोवर चहावर साय धरलेली असायची. खरं नाव रूपेश. पण मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या कॉलेजात सगळा कारभार हिंदीत, आणि भर वर्गात 'काहून' म्हणणारा हा एकटाच. पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव काहून पडलं. हे त्याला सांगितलं तेव्हा त्यानं काय विचारलं, ते वेगळं लिहायला नको.

तो किरनापूरचा, पण मामाकडे गोंदियाच्या बाजूला राहून बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. मी लालबर्राहून येणारा. घरी मराठी, शाळा हिंदी. दोघंही रोज बसनं यायचो. आपसात मराठी बोलायचो, म्हणून इतरांना वाटायचं की यांचं काहीतरी शिजतंय. काहूनला ते मनापासून आवडायचं. जगाला आपलाही संशय येतो, याचं त्याला समाधान होतं.

पोहेवाल्यानं शेव जास्त टाकली की तो खालचे पोहे उकरून पाहायचा, कालचे आहेत का म्हणून. ऑटोवाला "बैठिए भैया" म्हणाला की हा पायी निघायचा. एकदा सर आले नाहीत आणि सगळा वर्ग पळाला. यानं माझा हात धरला. "बस खाली. सर दाराआड उभे हाय. कोण पयते ते पाहून राह्यले." तास संपेपर्यंत आम्ही दोघं रिकाम्या फळ्यासमोर वह्या उघडून बसलो. सर जबलपूरला लग्नाला गेले होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तरी याचं म्हणणं, "लग्न कोनाचं, ते विचारलं काय कोनी?"

माझं गुपितही त्याच्या संशयानंच उघडं पाडलं. मला बस लागते. रोज कॉलेजात शिरण्याआधी मी स्टँडमागच्या नळावर तोंड धुऊन घ्यायचो आणि कोणाला पत्ता लागू द्यायचो नाही. पोरं हसतील, ही भीती. एका सकाळी काहून नळापाशीच उभा. "डोये लाल, तोंड ओलं, शर्टाले वास. काहून बे? दारू पेतं काय?" सांगावंच लागलं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो स्टँडवर अर्धं कापलेलं लिंबू घेऊन उभा राहायला लागला. त्याची बस माझ्याआधी यायची. मी उतरलो की लिंबू हातात ठेवायचा आणि दुसरीकडे बघत म्हणायचा, "हुंग." रोज, पूर्ण वर्षभर.

मग वसतिगृहाची यादी लागली. शेवटच्या खोलीवर माझं नाव होतं, आणि खाली प्रतीक्षा यादीत पहिलं नाव काहूनचं. मला ती खोली मिळाली असती तर बस कायमची सुटली असती. यादीखाली लिहिलं होतं, 'जिस किसी को आपत्ति हो, वह लिखित में दे.' म्हणजे कोणाची हरकत असेल तर लेखी कळवा. काहूनने ते बोट फिरवत दोनदा वाचलं. "हे ऑफिसवाले इतके मयाळू कवापासून झाले बे?" मी हसलो. नेहमीचा टोमणा वाटला.

आठवड्यानं पक्की यादी लागली, आणि माझं नाव गायब. विचारायला गेलो तर ऑफिसातल्या बाबूंनी समोरच्या गठ्ठ्यातला एक कागद नुसता वर उचलून दाखवला. 'विषय: नितेश के बारे में आपत्ति.' नितेश म्हणजे मी. खाली सही रूपेशची. "जाँच होगी," बाबू म्हणाले. तोवर खोली पुढच्या नावाला, म्हणजे रूपेशला.

मला पुढचं काही वाचायची गरज वाटली नाही. वर्षभराची लिंबं मला एकदम कळली, असं वाटलं. माणूस एवढं करतो ते उगाच नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडवर तो उभाच होता, हात पुढे. "नहीं चाहिए," मी म्हणालो. आमच्यात पहिल्यांदाच हिंदी आली. तो मागे धावला. "काहून? काय झालं? बोलत काहून नाही?" "कुछ नहीं," मी म्हणालो. त्यानं ती खोली घेतलीच नाही. मी म्हटलं, पाप टोचतंय. पुढच्या वर्षी तो गोंदियाच्या कॉलेजात निघून गेला आणि मी पदवी होईपर्यंत नळावर तोंड धूत राहिलो.

शेवटच्या वर्षानंतर टीसी आणायला गेलो. बाबूंनी माझी फाइल काढली आणि तो कागद हाती लागताच हसायला लागले. "ये गाड़ी लगना क्या होता है? रोज एक्सीडेंट होता था क्या तुम्हारा?" मी कागद घेतला.

'महोदय, नितेश पर बहुत बड़ी आपत्ति है. उसको गाड़ी लगती है. रोज लालबर्रा से आते समय लगती है. शरम से किसी को बताता नहीं, इसलिए मैं बता रहा हूँ. उसको कमरा पक्का देना. मेरा नाम उसके नीचे है, वह नीचे ही रहने देना.'

मराठी शाळेत आपत्ती म्हणजे संकट. ज्याच्यावर संकट असेल त्यानं लिहून द्यावं, असं त्यानं त्या नोटिशीचं वाचलं होतं. चहावर, पोह्यांवर, सरांच्या सुट्टीवर संशय घेणाऱ्या माणसानं जन्मात एका शब्दावर विश्वास ठेवला, तो ओळखीचा दिसला म्हणून. "पूरा पढ़ा नहीं था आपने?" मी विचारलं. "हम तो विषय देखते हैं, भैया," बाबू म्हणाले. त्यांना काय बोलणार? मी तर विषय आणि सही एवढंच पाहिलं होतं. वर्षभर त्याच्या तोंडून ऐकलेला तो एक शब्द मी त्याला एकदा तरी विचारायला हवा होता. विचारला नाही, याची मला आजही लाज वाटते.

त्याच्या घरून नंबर मिळवला आणि फोन लावला. "रूपेश, मी नितेश बोलून राह्यलो," मी म्हणालो.

पलीकडून उत्तर आलं, "हाँ जी. बोलिए."

"मले तुले भेटाले यायचं हाय."

मी वाट पाहिली. तो आता विचारेल, मग मी सगळं सांगेन, असं ठरवूनच बसलो होतो.

"आ जाइए," तो म्हणाला. काहून, ते त्यानं विचारलं नाही.