गव्हाचं मोठेपण

१९८५ साल. मला एकसष्टावं चालू होतं. पोरगा मिशिगनात, ट्रॉय गावी, मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी म्हणून आलो होतो. बायको आली नाही. म्हशी कुणाच्या जिवावर टाकू, म्हणाली, आणि विमानाची भीती होती ती बोलली नाही.

महिन्या-दोन महिन्यांत माझी बोटं धरली. सकाळी सदऱ्याची गुंडी लागेना. मग मनगटं, गुडघे, पोटऱ्या. जिना उतरताना कठडा धरायला लागायचा, आणि कुणी बघत असलं की मी तो सोडून द्यायचो. पोरानं दवाखाने केले. रक्त काढलं, फोटो काढले. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरनं पोराकरवी विचारलं, मन उदास असतं का. मी म्हटलं, त्याला विचार, उदासपणा मनगटात बसतो का. पोरानं ते काही त्याला सांगितलं नाही.

उदास होतोच की मी. पण ते दुखण्याच्या आधीपासून. घरी बायको भाकरी थापायला बसली की नुसत्या आवाजावरून कळायचं, आज रागात आहे की नाही. इथं आवाज म्हणजे फ्रिजचा. खिडकीतून सारखी हिरवळ दिसायची आणि वाटायचं, इथल्या मातीला कुणी हात तरी लावतं का.

पोरगा म्हणायचा, अशा अवस्थेत कसं पाठवू? तिकडे तुम्हाला उठवणार कोण? ग्रीन कार्डचे कागद करू, आईलाही आणू. मला ठाऊक होतं, ती यायची नाही. म्हणजे हे गुडघे बरे झाले तर गाव, नाहीतर इथंच. दुसरा हिशेब नव्हता.

नवरात्र आलं. माझे उपास लहानपणापासूनचे. सूनबाईनं इंडियन दुकानातून वरई आणली, साबुदाणा आणला. शेंगदाण्याची आमटी, रताळी. उपास संपत आले तशी मूठ वळायला लागली. जिना मी कठड्याशिवाय उतरलो, आणि त्या दिवशी कुणी बघायला नव्हतं. देवीनं हात धरला, म्हटलं. दसऱ्याला पुरणपोळ्या झाल्या, मग रोजच्या पोळ्या. चार दिवसांत हात पुन्हा लाकूड. पूजेत काय चुकलं, याचाच विचार करत बसलो.

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. तिथं नागपूरकडचे एक म्हातारे डॉक्टर भेटले. सगळे त्यांना काका म्हणत. सूनबाईनं त्यांना माझ्या उपासाचं सांगितलं. देवीचं ऐकून ते हसले नाहीत. उपासाला काय काय खाल्लं ते विचारलं आणि म्हणाले, "गहू सुटला होता तुमचा. गव्हात ग्लुटेन असतं, ते एखाद्याला सोसत नाही. तेच असेल असं मी म्हणत नाही. तपासून घेऊ, मग सोडून बघा."

मी तिथून उठलोच. जोंधळा खाऊन वाढलेला माणूस मी. आमच्या घरात गहू सणाला यायचा, आणि पोळी पाहुण्याच्या ताटात आधी जायची. शाळा माझी दुसरीत सुटली. पण पोरगा कॉलेजात गेला त्या वर्षी मी बायकोला सांगितलं, आता आपल्याकडे रोज पोळी. ती स्वतःपुरती भाकरी थापायची ती थापायचीच, पण माझ्या ताटात पोळी. गावात चारचौघांत मी ते बोलून दाखवायचो. ते आता एका परक्या माणसानं काढून घ्यायचं?

गाडीत मी हे सगळं ऐकवलं. पोरगा गाडी चालवत होता. सूनबाई मागं न वळता म्हणाली, "बाबा, तुम्हाला पोळी हवीय की गावाला जायचंय?"

वाटेत ती दुकानात उतरली आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन आली.

पुढं तपासण्या झाल्या. त्यांतून ठाम काही निघालं नाही. दुखणं गव्हानंच होतं असं आजवर कुणी छातीठोक सांगितलेलं नाही. मीही सांगत नाही.

पण त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. जन्मात कधी भाकरी केली नव्हती, नुसती ऐकली होती. पीठ जुनं, त्याची विरी गेलेली. कितीही मळा, चिकटेना. त्यात बोटं वळत नव्हती. तळव्यानंच दाबत बसलो. भाकरीला चहूकडून भेगा पडल्या, तवा तापला, आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. पोरगा जिन्यावरून धावत आला. काय करताय, म्हणाला.

"तिकिटाचं विचारून ठेव," मी म्हटलं, आणि भाकरीवरनं पाण्याचा हात फिरवला.